डीकन गोदिन्हो पाणी ओततात

जांबोटीतून समुद्र दिसत नाही.
दिसतो चोर्ल्याकडे जाणारा रस्ता,
काजूच्या बिया वाळत घातलेली अंगणं,
आणि एक कन्नड, एक मराठी अशा दोन पाट्यांच्या मधोमध
कुणाकडे झुकावं ते न कळून वाकलेला बसथांबा.
तिथं लेफ्टनंट कमांडर एलॉय गोदिन्हो उतरले
तेव्हा पेटीवर अजून जहाजाचं नाव होतं.
बाईंनी पुढं त्याच पेटीत तांदूळ भरले.

बेळगावात बिशपनी विचारलं होतं,
"एर्मेलिनबाई, पतीच्या या सेवेला तुमची संमती आहे?"
कुणीतरी खोकलं.
बाई म्हणाल्या, "सव्वीस वर्षं नेव्ही न विचारताच न्यायची.
तुम्ही विचारलंत. न्या.
पण संध्याकाळी घरी पाठवा."

डीकन म्हणजे काय, आम्हाला ठाऊक नव्हतं.
फादर, की फादर नव्हे?
खांद्यावरून तिरका पट्टा,
तलवारीचा असतो तसाच,
फक्त लटकत काही नाही.
लग्न लावतात, माती देतात, पोरांना बाप्तिस्मा देतात,
आणि पापं सांगायला गेलं तर हात जोडतात,
"ते खातं माझ्याकडे नाही, बाबा."
घंटेचा दोर सोडून माझ्या बापानं एकदा विचारूनच टाकलं.
"मी जहाजावरही दुसराच होतो, कायतान.
कॅप्टन दिशा सांगतो.
दुसऱ्यानं बघायचं, कोण जेवलं, कुणाला ताप,
कोण मोजणीला आलाच नाही."

मोजणीला आला नाही तो दुर्योधन बेहेरा,
बालासोरचा, वय एकोणीस.
(तिकडे ठेवतात म्हणे हे नाव, लाडानं.)
हे त्यांनी प्रवचनात सांगितलं नाही.
माझ्या आजोबांना पुरल्यावर, फावडं धुताना सांगितलं.
पहाटे चारच्या पाळीला पोरगं डेकवर नव्हतं.
चौदा तास जहाज चौकोनात फिरलं,
मग वहीत कुणीतरी लिहावं लागतं:
शोध थांबवला.
"अक्षर माझं आहे," ते म्हणाले.
"चांगलं आलंय अक्षर."
तेव्हा कळलं, माती देताना ते तीनऐवजी चार मुठी का टाकतात,
आणि खड्ड्यात गाठी मारलेली दोरी सोडून
खोली का बघतात.
"जमिनीत पुरणं म्हणजे चैन, रे.
पत्ता राहतो."

ईस्टरच्या रात्री आम्ही चर्चमधले दिवे मालवतो.
त्या वर्षी लाईटच गेली होती, मालवायला काही उरलंच नव्हतं.
ते मोठी मेणबत्ती घेऊन दारातून आत आले,
थांबले, गायले. पुन्हा थांबले, गायले.
सूर बेताचाच.
तिसऱ्यांदा थांबले ते गाईचनात.
ज्योत डोक्याच्या वर धरून
बाकांमागच्या काळोखाकडे बघत राहिले,
डावीकडून उजवीकडे, सावकाश,
जणू चौदा तासांतला एखादा राहिला होता.
शेवटी एर्मेलिनबाई मागून खाकरल्या.

बाप्तिस्म्याचं उरलेलं पाणी फादर झाडाखाली ओतायला सांगतात.
हे कळशी घेऊन मलप्रभेवर जातात,
चपला काढून, पँट दुमडून.
कणकुंबीला जन्मते ही नदी. समुद्र घाटाखाली, हाकेवर.
त्याच्याकडे पाठ फिरवून ती उगवतीला निघते,
कृष्णेचा हात धरते,
आणि सगळी जमीन तुडवून बंगालच्या उपसागराला मिळते.
"बालासोर त्याच पाण्यावर आहे," ते म्हणाले.
मी शाळेत भूगोल शिकवतो. राहवलं नाही.
"सर, सौंदत्तीला धरण आहे. तिथं अडकणार हे.
फार तर हुबळीच्या नळाला जाईल."

त्यांनी कळशी पालथी केली,
बुडावर थाप मारून शेवटचा थेंब काढला.
"जाऊ दे की.
हुबळीत कुणाला तरी तहान लागली असेलच."